गुडघ्यांवर चालणारे व्याही

माणसं लहानाची मोठी होतात, असा आपला सगळ्यांचा समज असतो. आमचे व्याही वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मोठ्याचे लहान झाले, आणि तेही घरात गुपचूप नव्हे, तर उरणच्या भर बाजारपेठेत, गळ्यात मेजरिंग टेप अडकवून आणि दोन्ही गुडघ्यांना खेळाडू बांधतात तसले जाड पट्टे बांधून. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या दिवसांत त्यांच्या मागून त्यांची पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी धरून जी बाई चालत होती, ती मीच. मुलीच्या सासऱ्यांशी बोलताना आवाज किती ठेवावा, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण तेच सासरे मासळी बाजाराच्या तोंडाशी गुडघ्यांवर उभे राहून "विहीणबाई, इतक्या खालून तुम्हाला आकाश दिसेल का हो?" असं विचारायला लागले, तर चेहरा कसा ठेवावा, ते मला अजून कळलेलं नाही.

मुळात हा माणूस गोदामांचा. मिठागरावर राबणाऱ्या घरात जन्मला, ओव्हरसियरचा कोर्स केला, आणि बंदर येणार म्हटल्यावर जो गोदामं बांधायला बसला तो चाळीस वर्षं उठलाच नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी लांबलचक पत्र्याची गोदामं दिसतात, त्यांतली निम्मी तरी यांच्या हातची, असं ते स्वतः कधी म्हणत नाहीत. त्यांची बायको म्हणते, आणि जरा रागानंच म्हणते. त्यामुळे त्यांची नजरच मापाची झालेली. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा बाकी सगळे मुलीकडे बघत होते आणि हे दाराकडे. चहा झाल्यावर म्हणाले, "मुलगी पसंत आहे. दरवाजा मात्र साडेतीन इंचांनी कमी पडतो. मग ते कपाट आत आलं कसं?" मी म्हटलं, कपाट आधी आलं, दरवाजा नंतर बसवला. खरंच तसं झालं होतं. त्यावर ते इतके खूश झाले की लग्न तिथेच ठरलं, असं माझं अजून मत आहे. पुढे एकदा दोन्ही घरची मंडळी पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो, तर देवासमोर हे एकदम खाली वाकले. मागच्या रांगेला वाटलं, केवढी ही भक्ती. हे उंबऱ्याची उंची वितीनं मोजत होते. मी हळूच म्हटलं, "अहो, लोक खोळंबलेत." तर म्हणाले, "देव कुठे पळतोय?" आणि दुसऱ्यांदा मोजायला लागले.

आता माझ्याविषयी चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर गोदामं बांधणाऱ्या माणसाचा आणि बालवाडीचा संबंध काय ते कळायचं नाही. मी उरणच्या बाजारात एका महिला मंडळाची बालवाडी चालवते. सत्तावीस वर्षं झाली. इतकी वर्षं ती एका धान्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत भरायची. एकोणीस पायऱ्या, लाकडी, झिजून गुळगुळीत झालेल्या. खाली गहू-तांदळाची पोती, वर साठ मुलं, आणि पावसाळ्यात दोघांना मिळून एकच वास. पुढे मंडळाला त्याच गल्लीत दीड गुंठ्याची जागा मिळाली. एका बाजूला हार्डवेअरचं दुकान, दुसऱ्या बाजूला तीन मजली इमारत, मागे बर्फाच्या कारखान्याची भिंत, आणि पुढची गल्ली एवढी अरुंद की टेम्पो आला की माणसांनी जवळच्या दुकानात शिरायचं. पण जागा आपली होती. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी लगेच एका कंत्राटदाराकडून नकाशा काढून घेतला. खाली समारंभांचा हॉल, पहिल्या मजल्यावर मंडळाचं ऑफिस आणि शिवणवर्ग, आणि दुसऱ्या मजल्यावर बालवाडी. मला तो नकाशा आवडला होता. खोटं कशाला बोलू? नव्या फरशा, नवे पंखे, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मला स्वतःची केबिन. मी तो मोठ्या हौसेनं व्याह्यांना दाखवला.

त्यांनी तो टेबलावर पसरला, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "विहीणबाई, हे गोदाम आहे."

मला राग आला. म्हटलं, "तुम्हाला सगळीकडे गोदामंच दिसणार."

"दिसणारच. जन्मभर तीच केली. सकाळी माल वर चढवायचा, दुपारी खाली उतरवायचा, मध्ये दाराला कडी. हे गोदामच आहे. मला आठ दिवस द्या."

दिले. व्याह्यांना नाही कसं म्हणणार? त्या आठ दिवसांचे चार महिने झाले.

पहिल्या दिवशी सकाळी ते बालवाडीच्या जिन्याशी आले तेव्हा सहाव्या पायरीवर आयेशा बसलेली होती. ही आयेशा साडेतीन वर्षांची. वडील आखातात नोकरीला, आई रोज हिला घेऊन येणार आणि रोज हिचं सहाव्या पायरीवर बस्तान. त्याच्या पुढे म्हणून जायचं नाही. आई अगदी रडकुंडीला यायची. "टीचर, अल्ला कसम, घरात नुसती उड्या मारते हो. इथं येऊन हिला काय होतं, समजतच नाही." आम्ही समजावून झालं होतं, खाऊ देऊन झाला होता. शेवटी मी तिला उचलून वर न्यायचे आणि ती माझ्या कानाशी तोंड आणून किंचाळायची. व्याह्यांनी तिला समजावलं वगैरे काही नाही. ते तिच्या शेजारी सहाव्या पायरीवर बसले. दोघंही खाली बघत होती. मग मला हाक मारून म्हणाले, "हिचं बरोबर आहे. इथून खाली बघितलं की पोटात ओढतं. तुम्ही बसून बघा." मी बसले नाही, मला वर्ग घ्यायचा होता. पण दुसऱ्या दिवशी ते गुडघ्यांना पट्टे बांधूनच आले.

त्यानंतर हा पाच फूट दहा इंचांचा गृहस्थ माझ्या बालवाडीत निम्म्या उंचीचा होऊन राहिला. मुलांच्या पंगतीत डबा खायचा. रांगेत हात धुवायला उभा राहायचा आणि नळ हाताला येत नाही म्हणून कुणी मोठं माणूस येईपर्यंत तसाच थांबायचा. मी म्हणायचे, "अहो, उठा आणि सोडा की नळ." तर म्हणायचे, "मुलांना उठून उंच होता येतं का?" दिवसभर काय काय दिसलं ते वहीत लिहायचे आणि दुपारी मला वाचून दाखवायचे. दहा वाजून पाच मिनिटं, बाईंचं पोट. दहा वाजून वीस मिनिटं, दुसऱ्या बाईंचं पोट. अकरा वाजता खिडकी, खिडकीतून काही नाही. मग वही मिटून अगदी गंभीरपणे सांगायचे, "विहीणबाई, तुमच्या बालवाडीत मुलांना माणसं दिसतच नाहीत. पोटं दिसतात." त्या दिवसापासून मी मुलांशी बोलताना उकिडवी बसायला लागले. सत्तावीस वर्षांनी सुचलं म्हणून स्वतःची लाज वाटली, पण बसायला लागले.

मुलांनी त्यांना पहिल्या आठवड्यातच आपल्यात घेतलं. एकानं विचारलं, "तू कुणाबरोबर आलास?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही तुझी आई?" "नाही, विहीण." "विहीण म्हणजे?" यावर चाळीस वर्षं कंत्राटदारांची बोलती बंद करणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी काही मदत केली नाही. तेही मुलांना प्रश्न विचारायचे, पण आपण मोठी माणसं विचारतो तसे नव्हेत, की उत्तर आधीच ठरलेलं. कानावर पेन्सिल, मांडीवर वही, आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसा अदबीचा आवाज. तुम्हाला नव्या शाळेत काय काय हवं? एकीला पाणी सांडायला जागा हवी होती. एकाला मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका बघायच्या होत्या. आयेशानं बराच विचार करून सांगितलं, "पडलं तर लागू नये." आणि झाडून सगळ्यांना लपायला जागा हवी होती. हे शेवटचं त्यांनी फारच मनावर घेतलं.

नव्या इमारतीच्या भिंतींत मूल आत बसेल असे कोनाडे करायचं त्यांनी ठरवलं. माप पक्कं करायला सुताराकडून प्लायवूडचा एक नमुन्याचा कोनाडा करून आणला आणि बालवाडीत भिंतीला टेकवून ठेवला. एका शनिवारी मुलं घरी गेल्यावर ते त्यात बसून बघायला गेले. बसले ते बसलेच. गुडघा अडकला. मी एक हात ओढला, माझ्या सहकारी बाईंनी दुसरा ओढला, आणि हे आतून "हळू, प्लाय नवीन आहे" म्हणतायत. आणि नेमक्या तेव्हाच जिन्यावर पावलं वाजली. अध्यक्षबाई आणि मंडळाच्या तीन सभासद. नकाशावरची शेवटची बैठक त्याच दिवशी होती, हे आम्ही दोघंही साफ विसरलो होतो.

आमच्या अध्यक्षबाई म्हणजे साधी असामी नाही. नवऱ्याचे ट्रेलर बंदरावर फिरतात आणि कुठला कुठे उभा आहे हे नवऱ्याच्या आधी यांना ठाऊक असतं. त्यांनी कोनाड्यातल्या व्याह्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडणार तेवढ्यात व्याही आतूनच म्हणाले, "या, बसा. मुलं जिथून बघतात तिथूनच मी आज बोलणार आहे." मी मनातल्या मनात हात जोडले. आपल्याला उठता येत नाही, याचा कुणाला संशयही येऊ न देता त्या माणसानं तासभर सभा चालवली. त्यांचं म्हणणं एकच होतं. मुलं खाली, जमिनीवर. मध्ये उघडं अंगण, भोवती वर्ग, आणि हॉल वर. अध्यक्षबाईंचं म्हणणंही काही चुकीचं नव्हतं. "हॉल वर नेला तर म्हाताऱ्या माणसांनी बारशाला चढायचं कसं? मुलांचे काय पाय दुखतात? पळत जातात ती वर."

"न्हाय जात," व्याही म्हणाले. एरवी अगदी पुस्तकी बोलणारा हा माणूस चिडला की त्याची घरची बोली बाहेर येते. "तुम्ही बघितलं हाय का कधी?"

"व्हय, बघितलंय. चार पोरं वाढवलीत मी." अध्यक्षबाईही त्याच बोलीवर उतरल्या. "पंधरा दिवस देते. मला पटवून दाखवा. न्हाय पटलं तर कंत्राटदाराचा नकाशा नगरपालिकेत जाईल, मग माझ्याकडं यायचं न्हाय."

त्या गेल्या. सुतारानं येऊन कोनाड्याची एक बाजू उचकटली आणि आमच्या व्याह्यांना बाहेर काढलं. बाहेर आल्यावर पाय चोळत त्यांचं पहिलं वाक्य, "कोनाडा आणखी रुंद हवा. मुलं एकटी लपत नाहीत." मला हसू आलं, पण ते तोंडातच राहिलं. कारण तोवर माझाही जीव त्यात गुंतला होता. दुसरा मजला झाला असता तर मला केबिन मिळाली असती आणि आयेशा नव्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसली असती, आणि पुढच्या पायऱ्या ती किंचाळत असताना मी तिला तसंच उचलून नेलं असतं, ती गेली की तिच्यासारख्या दुसरीला. आता मला ते नको होतं. व्याह्यांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "बघू या. पंधरा दिवस पुष्कळ झाले."

पंधराव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मोकळ्या जागेवर बोलावलं. जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं नकाशाची आखणी केली होती, कबड्डीचं मैदान आखतात तशी. आणि मधोमध एक लाकडी जिना उभा होता. चार पायऱ्या चढायच्या, पलीकडे चार उतरायच्या. पण एकेक पायरी फूटभर उंच. "अध्यक्षबाई," ते म्हणाले, "सात इंचांची पायरी तीन फुटांच्या मुलाला जेवढी पडते, तेवढीच ही तुम्हाला पडते. मापानं केली आहे, मनानं नाही. दुसरा मजला म्हणजे चाळीस पायऱ्या. दहा फेऱ्या मारा." प्रत्येकीच्या पाठीला त्यांनी एकेक पिशवी अडकवली, आत एक वीट. अध्यक्षबाईंनी विचारलं, हे काय? म्हणाले, दप्तर. "आणि धरायला कठडा?" त्यांनी वर बोट दाखवलं. जिन्याच्या कडेनं बरोबर डोक्याच्या उंचीवर एक बांबू बांधला होता. "कठडा आहे की. मुलांना तो तिथेच असतो."

कंत्राटदाराला तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आला आणि तो बोलत बोलत गल्लीबाहेर गेला. सभासदांतली एक दुसऱ्या फेरीला बसली, दोघी तिसरीला. मीही चढले, मागे कशी राहणार? एक सांगते, साडी नेसून फूटभर पायरी चढताना एक हात पदराला लागतो, एक निऱ्यांना, आणि तोल सांभाळायला काही उरत नाही. चौथ्या फेरीनंतर मी हार्डवेअरच्या दुकानातलं स्टूल मागून घेतलं. अध्यक्षबाई मात्र हट्टाला पेटल्या होत्या. पाचवी झाली, सहावी झाली. दुकानदार बाहेर आले, वरच्या खिडक्या उघडल्या, एक टेम्पोवाला हॉर्न वाजवायचा थांबून बघत बसला. सातव्या फेरीला त्या वर पोचल्या आणि तिथेच थांबल्या. श्वास लागला होता. त्यांनी खाली बघितलं आणि बघतच राहिल्या.

"उतरायचं कसं?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"मुलं बसून उतरतात," व्याही म्हणाले. ते हे हळू बोलले, टोमणा मारल्यासारखं नव्हे.

अध्यक्षबाई भरजरी काठाच्या साडीनिशी खाली बसल्या आणि एकेक पायरी घसरत उतरल्या. गल्लीत कुणी हसलं नाही. पाठीवरची वीट काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हॉल वर न्या. म्हाताऱ्यांना मी उचलून नेईन, न्हायतर खुर्चीत बसवून नेईन, ते माझं मी बघेन." मग एकदा मागे वळून त्या जिन्याकडे बघितलं. "माझी धाकटी लई रडायची शाळेत जाताना," एवढंच बोलल्या आणि गेल्या.

पुढच्या दीड वर्षात गवंड्यांनी आमच्या व्याह्यांना किती शिव्या दिल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. पहिल्याच दिवशी यांनी फक्कीच्या आखणीत सगळी मुलं मोकळी सोडली आणि मुलांनी जिथून जिथून रेघा पुसून धाव घेतली तिथल्या भिंती काढून टाकल्या. गवंडी म्हणाला, "साहेब, भिंत नक्की कुठं घेऊ?" हे म्हणाले, "थांब, ती अजून पळतायत." अंगणातून पाणी वाहून जायला एक उथळ पाट केला, मुलांना पाणी सांडायला म्हणून, आणि त्याच्या उताराला कुठलंही यंत्र लावू दिलं नाही. तांब्याभर पाणी ओतायचं आणि बाजूला उकिडवं बसून ते कसं जातं ते बघायचं. तीन वेळा तो पाट फोडला. "माझा बाप मिठागरात पायानं चढ-उतार ओळखायचा," म्हणाले, "पाणी थांबलं नाही पाहिजे आणि पळालंही नाही पाहिजे." अंगणात फरशी घालू दिली नाही, माती चोपून घेतली, आयेशाची मागणी होती म्हणून. मागची बर्फाच्या कारखान्याची भिंत भर उन्हाळ्यातही गार असते, हे त्यांना गाल लावून कळलं होतं, तेव्हा तिच्यापुढे दुसरी भिंत न घालता ती तशीच अंगणात घेतली. आता मे महिन्यात मुलं ओळीनं तिला पाठ लावून बसतात. गल्लीकडच्या खिडक्या जमिनीपासून दीड फुटावर. मुलांचं लक्ष उडेल, असं मीच म्हटलं होतं. तर मला म्हणाले, "उडू दे की. बाजार बघण्यासारखाच असतो."

उद्घाटनाच्या दिवशी मुलं आत शिरली ती न सांगता. कुणी बोट धरलं नाही, कुणी उचललं नाही. आयेशा तेव्हा मोठ्या गटात गेली होती. दाराशी आल्यावर तिनं सवयीनं जिना शोधला. जिना नव्हता. ती एकदा थांबली आणि मग जी सुटली ती समोरच्या गार भिंतीला हात लावूनच थांबली. तिच्या आईनं डोळ्यांना ओढणी लावली. मीही रडले, उगाच कशाला लपवू? सगळं छान झालं. भाषणं झाली, पेढे वाटले गेले, आणि अकराच्या सुमाराला प्रमुख पाहुण्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "टॉयलेट कुठे आहे?" मी मोठ्या दिमाखात त्यांना घेऊन गेले. चार स्वच्छ टॉयलेटं, पिवळे दरवाजे, दरवाजे तीन फुटांचे, आतली भांडी वीतभर उंचीची, हात धुवायचे नळ गुडघ्याला. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी व्याह्यांकडे बघितलं. व्याह्यांचा चेहरा पांढरा पडला. अख्ख्या इमारतीत मोठ्या माणसांसाठी एकही टॉयलेट नव्हतं. "विहीणबाई," ते म्हणाले, "मोठी माणसं मला आठवलीच नाहीत हो." पाहुण्यांना हार्डवेअरवाल्यांच्या घरी नेलं. पुढचे तीन महिने आम्ही बायका तिथेच जात होतो. तो माणूस सज्जन म्हणून निभावलं. आता जिथे माझी केबिन निघाली असती तिथे मोठ्यांचं टॉयलेट आहे, आणि केबिन नाही ती नाहीच.

काम संपल्यावर माणूस सुटतो, पण आमचे व्याही सुटले नाहीत. रोज दुपारी मुलं घरी गेली की येतात. बिजागऱ्यांना तेल घालतात, कोनाड्यात राहिलेलं खोडरबर काढून माझ्या टेबलावर आणून ठेवतात. पट्टे आता नाहीत. दोन्ही गुडघे पार गेले, डॉक्टरांनी खाली बसायचंच नाही म्हणून बजावलं आहे. मागच्या महिन्यात असेच आले. मी स्टोव्हवर चहा टाकला होता. ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते, म्हणजे बाहेर काय बघणार, खिडकी त्यांच्या गुडघ्याला लागते. अचानक म्हणाले, "विहीणबाई, एक विचारू? आमचा विजय तीन वर्षांचा होता तेव्हा केवढा होता हो?"

विजय म्हणजे त्यांचा मुलगा, माझा जावई. मी म्हटलं, "मला कसं ठाऊक असणार? मी पहिल्यांदा बघितला तेव्हा चांगला पावणेसहा फूट होता."

ते हसले. मग म्हणाले, "या गावातल्या साठ पोरांची उंची मला तोंडपाठ हाय. त्याची न्हाय. मी सकाळी साइटवर निघायचो तेव्हा तो झोपलेला, परत यायचो तेव्हा झोपलेला. कायम आडवाच बघितला मी त्याला. उभा राहिला की माझ्या कुठपर्यंत यायचा, ते मला ठाऊकच न्हाय."

"विजयच्या आईला विचारा," मी म्हटलं.

"विचारलं. ती म्हणाली, आता आठवण झाली?"

चहा उतू जायला आला म्हणून मी तो उतरवला, दोन कपांत गाळला, एक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून हळूहळू वाकायला लागले. त्यांना तिथे खाली बसायचं होतं, मुलं बसतात तसं. एका हातानं भिंत चाचपत होते आणि ती हाताला नीट लागत नव्हती. आमच्याकडे विहिणीनं व्याह्याचा हात धरायची रीत नाही. मी धरला, आणि त्यांना सावकाश खाली बसवलं.